आईच्या केमोचा डोस: फाइलमध्ये उंची चुकली आहे, आता काय करू?

अबोली_डिचोली | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथले बरेच जण या वाटेने गेलेले आहेत म्हणून विचारते. आईला (वय ६१) स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, आता एका खाजगी इस्पितळात केमो चालू आहे. आधी एसीच्या चार फेऱ्या, दर २१ दिवसांनी, म्हणजे ते लाल औषध डॉक्सोरुबिसिन आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड. त्यानंतर बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी गुरुवारी.

आज मेडिक्लेमसाठी फाइलची झेरॉक्स काढताना पहिल्या पानावर नजर गेली. उंची १५७.५ सेंमी, वजन ६० किलो, बीएसए (उंची-वजनावरून काढलेला, डोस ठरवायचा आकडा) १.६२. आता माझीच उंची पाच फूट दोन म्हणजे १५७.५, आणि आई जेमतेम माझ्या कपाळापर्यंत येते. घरी आल्यावर आईला विचारलं. म्हणाली, "काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मी सांगितली. पाच फूट दोन." ही उंची तिच्या स्थळाच्या कागदावर आजोबांनी लिहिलेली. चाळीस वर्षं ती तीच सांगत आली आहे.

जेवणं झाल्यावर तिला माजघराच्या चौकटीला उभं केलं. टाचा भिंतीला लावून, डोक्यावर जाड वही आडवी धरून पेन्सिलीने खूण केली. पूर्वी अंबाड्यामुळे वही बसली नसती, आता ती अडचण नाही. त्याच चौकटीवर आम्हा भावंडांच्या लहानपणीच्या खुणा आहेत, रंगाखालून अजून दिसतात. आईची खूण भरली बरोबर १५० सेंमीवर. आणि वजन काट्यावर ५४.

माझ्या भाच्याने अ‍ॅपमध्ये आकडे घातले तर बीएसए आला १.०१. मी घाबरलेच. मग कळलं की अ‍ॅप वजन पौंडात धरत होतं. किलो केल्यावर १.५० आला.

म्हणजे आईला दोन वेळा जास्त औषध गेलं का? गुरुवारी कोणाला विचारू, कसं विचारू? डॉक्टरांना राग येईल का, हेही मनात येतं.

---

माडाखाली | सोमवार, रात्री ११:५२

ताई, आधी श्वास घ्या. माझ्या बायकोच्या वेळी मीही असाच रात्रभर कागद घेऊन बसायचो. राग-बिग काही येत नाही. आमच्या डॉक्टरांनी तर दुसऱ्या वेळेपासून मलाच विचारायला सुरुवात केली, "आज वजन किती?" इथे फोंड्याचे एक औषधतज्ज्ञ आहेत, केमोची औषधं तयार करण्याचंच काम करतात. त्यांना हाक मारतो.

---

मापात_माप | मंगळवार, सकाळी ६:१५

हाक मिळाली. ताई, आधी तुमच्याच आकड्यांवरून सांगतो, म्हणजे भीती जरा आवाक्यात येईल.

बीएसए म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. आज बहुतेक ठिकाणी १९८७ सालचं मॉस्टेलरचं सूत्र वापरतात, कारण ते साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ.

फाइलमधलं: १५७.५ × ६० = ९४५०, भागिले ३६०० = २.६२५, वर्गमूळ १.६२.
खरं, आजचं: १५० × ५४ = ८१००, भागिले ३६०० = २.२५, वर्गमूळ १.५०.

एसीमध्ये डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिग्रॅ आणि सायक्लोफॉस्फामाइड ६०० मिग्रॅ असतं. म्हणजे फाइलप्रमाणे साधारण ९७ आणि ९७२ मिग्रॅ. आजच्या मापाने ९० आणि ९००. फरक आठ टक्क्यांचा.

पण पहिल्या फेरीला आईचं वजन खरंच ६० असेल, तर तेव्हाचा योग्य बीएसए १.५८ होता आणि डॉक्सोरुबिसिन ९५ मिग्रॅ. म्हणजे निव्वळ उंचीमुळे जास्त गेलं ते दोनेक मिलिग्रॅम. तेवढ्याने इजा होत नाही. औषधाच्या बाटलीला धरून आकडा पुरा करताना पाच-दहा टक्के इकडेतिकडे होऊ देण्याची पद्धत जगभर मान्य आहे. झालं ते झालं, झोप मोडू नका.

तरी गुरुवारी हे सांगायलाच हवं, कारण दोन्ही चुका एकाच बाजूला झुकताहेत. उंची जास्त, वजनही जास्त. वजन दहा टक्के उतरलं की डोस नव्याने काढायचा, असा बहुतेक केंद्रांचा रिवाज आहे, काही ठिकाणी तर पाच टक्क्यांनाच काढतात. तुमच्या आईचं ६० वरून ५४ म्हणजे नेमकं दहा टक्के.

विचारायचं कसं? डे केअरला गेल्यागेल्या, औषध बनायला जाण्याआधी, सिस्टरना म्हणा: "आईची उंची कधी मोजलीच नव्हती, कृपया आज मोजा. वजनही सहा किलो उतरलं आहे." बास. १.५० हा आकडा तुम्ही सांगू नका. त्यांच्या काट्यावर, त्यांच्या पट्टीवर तो त्यांनाच निघू दे.

---

रेड्डी_नाही_रेडकर | मंगळवार, सकाळी ९:४०

माझा एक मूळचा प्रश्न आहे. तापाची गोळी सगळ्या मोठ्या माणसांना ५०० किंवा ६५० ची देतात. बीपीची गोळीही तशीच. मग केमोलाच हे चौरस मीटर कुठून आलं? कातडीचा आणि कर्करोगाचा काय संबंध?

---

मापात_माप | मंगळवार, दुपारी १:३०

प्रश्न चांगला आहे, मलाही शिकताना पडला होता. कातडीचा संबंध थेट नाही. पॅरासिटामॉलमध्ये उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत भरपूर अंतर आहे. केमोत ते अंतर बोटभर. थोडं जास्त झालं तर पांढऱ्या पेशी कोसळतात, थोडं कमी झालं तर गाठीला फरक पडत नाही. म्हणून माणसागणिक माप.

१९५८ मध्ये डोनाल्ड पिंकेल या बालरोगतज्ज्ञाने दाखवलं की उंदीर, लहान मूल आणि मोठा माणूस यांना चालणारा डोस वजनाच्या हिशेबात जुळत नाही, पण पृष्ठभागाच्या हिशेबात बराच जुळतो. त्यामागची कल्पना अशी की यकृत आणि मूत्रपिंडातून वाहणारं रक्त, शरीराचा जाळण्याचा वेग, हे किलोपेक्षा पृष्ठभागाशी जास्त इमान राखतात.

आणि तो पृष्ठभाग मोजला कोणी? १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डुबॉई आडनावाच्या दोघा संशोधकांनी. अंगावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून शरीराचे साचे काढले आणि त्यांचं क्षेत्रफळ मोजलं. किती माणसांचं? नऊ. मॉस्टेलरच्या आधीचं, त्या नऊ जणांवरून बांधलेलं सूत्र शंभर वर्षांनंतरही काही ठिकाणी चालू आहे. ही पद्धत परिपूर्ण नाही, आमच्या क्षेत्रात कोणी तसं म्हणतही नाही. एकाच बीएसएच्या दोन बायकांमध्ये औषध शरीराबाहेर जाण्याचा वेग दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो. म्हणून पहिला डोस सूत्राने, आणि पुढचे डोस रक्ताचे रिपोर्ट आणि माणसाची तब्येत बघून. प्रत्येक फेरीआधी सीबीसी करायला लावतात ते यासाठीच.

---

कोकणकन्या_एस५ | मंगळवार, रात्री ८:०५

आमच्या आत्याला अंडाशयाचा कर्करोग होता. मडगावहून कोकणकन्येने परळला टाटाला जायचो, त्यावरून हे नाव. तिला कार्बोप्लॅटिन होतं. तिथे बीएसए नव्हता, क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मागायचे. एकदा आम्ही महिन्यापूर्वीचा रिपोर्ट घेऊन गेलो, म्हणजे एक दिवस वाचेल. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि आजच रक्त द्या म्हणाले. तेव्हा मी मनातून चिडलो होतो. नव्या रिपोर्टवर डोस खूप उतरला. का ते मला आजतागायत नीट कळलेलं नाही. मापात_माप, सांगाल का?

---

मापात_माप | मंगळवार, रात्री १०:४५

सांगतो, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त थांबायला लावणारं औषध हेच.

कार्बोप्लॅटिन जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. म्हणून १९८९ मध्ये कॅल्व्हर्टने सूत्र दिलं. औषधाचा अंगावर एकूण किती मारा व्हावा याचं डॉक्टर एक लक्ष्य ठरवतात, समजा ५. त्याला मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगात २५ मिळवून गुणायचं. आलेला आकडा थेट मिलिग्रॅममध्ये. गाळण्याचा वेग प्रत्यक्ष मोजणं जिकिरीचं, म्हणून तो क्रिएटिनिनवरून काढतात: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. बाई असेल तर परत ०.८५ ने गुणायचं.

एक ६५ वर्षांची, ४८ किलोची बाई धरा. क्रिएटिनिन १.० असेल तर वेग ४२.५ आणि डोस सुमारे ३३८ मिग्रॅ. तेच क्रिएटिनिन ०.५ आलं तर वेग ८५ आणि डोस ५५०. बाई तीच. काट्यावर तीच.

यात दोन खड्डे आहेत. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी आटलं की क्रिएटिनिन चढतं, आणि जुन्या चांगल्या रिपोर्टवर डोस काढला तर तो जास्त होतो. तुमच्या आत्याचा डोस खूप उतरला त्यावरून मला हेच झालं असावं असं वाटतं. दुसरा खड्डा उलट बाजूचा आणि जास्त फसवा. महिनोन्महिने पेजेवर काढलेल्या, वाळलेल्या माणसाच्या अंगात स्नायूच उरत नाहीत, आणि क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. मग रिपोर्ट ०.५ येतो, कागदावर मूत्रपिंड तरुण दिसतं आणि सूत्र भरमसाट डोस सांगतं. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी ०.७ च्या खाली आकडा धरतच नाहीत. त्याच बाईचा ०.७ ने डोस येतो साधारण ४२९. आणि कितीही झालं तरी वेग १२५ च्या वर धरायचा नाही, म्हणजे लक्ष्य ५ असेल तर ७५० मिग्रॅ ही कमाल मर्यादा.

अंडाशयाच्या रुग्णांत आणखी एक. पोटात पाणी साठलेलं असतं. ते पाणी काट्यावर दिसतं पण ते वजन बाईचं नसतं. पाणी काढलं असेल तर कधी, किती, हे नातेवाइकांनी आपणहून सांगावं.

---

पेडण्याचो_भाऊ | बुधवार, सकाळी ७:३०

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्या वडिलांना तीन फेऱ्यांत माणूस ओळखू येईना असं झालं. ताईंची आई ६१ ची, सहा किलो उतरली. डॉक्टरांना सरळ सांगा, डोस अर्धा करा. हळूहळू द्या. शरीर टिकलं तर पुढचं. आणि सोबत गुळवेलीचा काढा चालू ठेवा, वडिलांना आम्ही दिला होता.

---

माडाखाली | बुधवार, सकाळी ८:१०

भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूसच असं म्हणतो. पण बायकोच्या वेळी मीही हाच हट्ट केला होता, तेव्हा डॉक्टरांनी मला इटलीचे कर्करोगतज्ज्ञ बोनाडोना यांचं काम समजावून सांगितलं. स्तनाच्या कर्करोगाच्या बायकांना त्यांनी वीस वर्षं पाहिलं आणि १९९५ मध्ये छापलं. ठरलेल्या डोसपैकी ८५ टक्के किंवा जास्त ज्यांना मिळालं, त्यांना फायदा झाला. बराच कमी मिळाला त्यांच्यात फायदा जवळपास दिसलाच नाही. म्हणजे केमोचा त्रास पुरा आणि पदरात काही नाही. हे ऐकल्यावर मी गप्प बसलो. बायको आज अंगणात अबोली खुडते आहे.

---

मापात_माप | बुधवार, सकाळी ८:५०

माडाखाली यांच्याशी सहमत. डोस कमी करतात, पण कारण धरून. पेशी फार उतरल्या, तोंड सोलवटलं, हातापायांना मुंग्या आल्या, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) चढलं, की डॉक्टर ठरावीक टक्क्यांनी उतरवतात. शिवाय जिथे बरं करणं हाच हेतू आहे, तिथे आधी पेशी वाढवणारं इंजेक्शन किंवा आठवडाभर थांबणं, हे बघतात.

काढ्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. डॉक्सोरुबिसिन यकृतातूनच निघतं. बिलिरुबिन १.२ च्या वर गेलं तर त्याचा डोस निम्म्यावर आणतात, ३ च्या वर गेलं तर पाववर. म्हणजे काढ्याने यकृत बिघडलं तर खरं औषधच हातचं जातं. जे काही घेत असाल, मग ती साधी गोळी असो की झाडपाला, डॉक्टरांच्या कानावर घाला.

---

पांढरा_एप्रन | बुधवार, दुपारी ३:२५

मी केमो वॉर्डात सिस्टर आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे.

पाच-आठ टक्क्यांवर तुम्ही इतकं बोललात ते चांगलंच. पण ज्या चुकांनी माणसं गेली त्या बहुधा टक्क्यांच्या नव्हत्या. आम्हाला शिकवताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या मी नव्या मुलींना सांगते.

१९९४, बोस्टन. डॅना-फार्बर, जगातलं नावाजलेलं कर्करोग केंद्र. सायक्लोफॉस्फामाइडचा चार दिवसांचा मिळून जो डोस होता, तो रोजचा समजून चारही दिवस दिला गेला. चौपट औषध. ती रुग्ण वर्तमानपत्रात आरोग्याची बातमीदार होती. ती गेली. कागदावर "चार दिवसांत" आणि "रोज" यांतला फरक कोणालाच दिसला नाही. चूक पुढे काही आठवड्यांनी नोंदी चाळताना उघडकीला आली.

२००६, कॅनडातलं एडमंटन. फ्लुरोयुरॅसिलचा छोटा पंप घरी घेऊन जायचा, चार दिवसांत थेंबथेंब संपायचा. लेबलवर दोन्ही आकडे होते, दिवसाला २८.८ एमएल आणि तासाला १.२ एमएल. पंपात तासाला २८.८ भरलं गेलं. चार दिवसांचं औषध चार तासांत. दोन सिस्टरनी हिशेब तपासला होता, दोघींच्याही नजरेतून सुटलं.

म्हणून आम्ही आता एकीने काढलेला आकडा दुसरीला दाखवत नाही. दुसरी कोऱ्या कागदावर आपला आपण काढते, मग दोन कागद शेजारी ठेवतो. खाटेशी आल्यावर पिशवीचं लेबल मोठ्याने वाचतो आणि नाव रुग्णालाच सांगायला लावतो. "तुम्ही अमक्या ना?" असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. कित्येक नातेवाईक कंटाळतात, "सिस्टर, तिसऱ्यांदा नाव काय विचारता?" कृपया कंटाळू नका.

अबोलीताई, गुरुवारी बिनधास्त विचारा. नातेवाइकाने वहीत वजन लिहून आणलं की मला तरी आधार वाटतो.

---

सांगे_वरून | बुधवार, संध्याकाळी ६:४०

माझ्या बहिणीचा प्रश्न वेगळा. ती १६० सेंमी आणि ९० किलो. बीएसए बरोबर २.० येतो. कोणीतरी सांगितलं की जाड माणसाला खऱ्या वजनाने देत नाहीत, "असायला हवं" त्या वजनाने देतात. खरं का?

---

मापात_माप | बुधवार, रात्री ९:१०

पूर्वी बऱ्याच ठिकाणी तसं करत. आता नाही. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये आणि परत २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की लठ्ठ रुग्णालाही प्रत्यक्ष वजनानेच पूर्ण डोस द्यावा. "आदर्श" वजन धरलं तर तुमच्या बहिणीचा बीएसए दीडच्या आसपास येईल आणि तिला जवळपास पाव औषध कमी जाईल. काही औषधांना वेगळी मर्यादा असते. व्हिन्क्रिस्टिन बहुतेक वेळा एका वेळी २ मिग्रॅच्या वर देत नाहीत. ते औषध-औषधाचं बघावं लागतं.

---

अबोली_डिचोली | गुरुवार, रात्री ९:५५

आत्ताच घरी पोचलो. सकाळी निघालो तेव्हा साखळीच्या पुढे इतका पाऊस की वायपर पुरत नव्हता. आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसली होती, मांडीवर तिच्या मापांची वही.

तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं. सिस्टरनी आधी फाइल पाहिली, मग आईकडे, आणि काही न बोलता तिला उंचीच्या पट्टीखाली उभं केलं. १४९.५. बांगड्या काढायला लावून वजन घेतलं, ५४.२. डॉक्टरांनी बोलावलं. चिडले नाहीत. जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी सही केली, नवा बीएसए १.५० लिहिला. डॉक्सोरुबिसिन ९० मिग्रॅ, सायक्लोफॉस्फामाइड ९००. मला म्हणाले, मागच्या दोन फेऱ्यांनी नुकसान झालेलं नाही, हृदयाचा इको चांगला आहे, आणि या औषधाची आयुष्यभराची जी मर्यादा धरतात, चौरस मीटरला ४५० मिग्रॅच्या आसपास, तिच्यापासून चार फेऱ्यांचे २४० खूप लांब आहेत. पण उंची मोजायला हवी होती, हे त्यांनी स्वतःहून मान्य केलं. संध्याकाळी निघताना पाहिलं तर काउंटरवरच्या मुलीच्या खुर्चीमागे भिंतीला उंचीची पट्टी चिकटवलेली होती.

लाल औषध चढत असताना सिस्टर बाजूला बसून होत्या, सिरिंज हळूहळू ढकलत. ४५ एमएल. मी मनात भागाकार केला, एमएलला २ मिग्रॅ, ९०. जुळलं.

मापात_माप, एकच राहिलं. आईने विचारलं आहे, घरी वजन कधी करायचं? तिला आता रोज करायचं आहे.

---

मापात_माप | गुरुवार, रात्री १०:३०

वाचून फार बरं वाटलं. रोज नको, त्याची काळजीच जास्त होते. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पेज घेण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. तारीख आणि आकडा वहीत. काटा सपाट लादीवर ठेवा, चटईवर नाही. आणि ताप बघत राहा. थर्मामीटर १०० च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा.

---

अबोली_डिचोली | गुरुवार, रात्री १०:४१

लिहून घेतलं. वार आईने निवडला, सोमवार. काटा देवघरासमोरच्या लादीवर ठेवला आहे, तिथली फरशी सगळ्यात सपाट आहे.